एक जूनची माणसं

एक जूनला आमच्या बीड जिल्ह्यात कुणी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत नाही. द्यायला लागलं तर दिवसभर दुसरं काम होणार नाही. कागदोपत्री निम्मा जिल्हा त्याच दिवशी जन्मलेला आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं खेड्यातल्या कुठल्याही शाळेत जावं आणि जुनं रजिस्टर उघडून बघावं.

याचं कारण सोपं आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी व्हायची, माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. पोरं कुठल्या तरी कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत जन्माला यायची. तिथं कोण नोंद करतो? पुढे जूनमध्ये शाळेत नाव घालायला बाप पोराला बखोटीला धरून आणायचा. गुरुजी विचारायचे, "कधीचं हाय रे हे?" बाप म्हणायचा, "पट्टा पडायच्या टायमाला झालतं, गुरुजी." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. एवढ्यावर तारीख कशी लिहायची? मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्मतारीख एक जून. गुरुजींना नावं ठेवायचं कारण नाही, त्यांच्यामुळे पोरं शाळेत बसली. पुढे पुढे जे ऊसतोडीला जात नसत त्यांच्या पोरांनाही हीच तारीख मिळायला लागली, कारण गुरुजींच्या हाताला ती सवय झाली होती.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून "नोकरीतल्या गमतीजमती लिहा" म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा मला ही तारीख आठवली. गमती आहेत, त्या सांगते. पण मला शेवटी जिथं जायचं आहे ती गंमत नाही. फराळाची बशी घेऊन वाचायला बसलेल्यांची फसगत नको, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी जिल्ह्याच्या कॉम्प्युटर कक्षात होते. आमचं घराणं दुकानदारांचं. वडिलांचं बीडात किराणा दुकान, आणि कपिलधारच्या यात्रेत नारळ-उदबत्तीचं पाल टाकायचं हा घरचा नेम. त्या घरातली मुलगी सरकारी नोकरीत गेली, तीही कॉम्प्युटरवर, हे वडिलांनी साखर तोलता तोलता किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल कोण जाणे. आमच्या खोलीला एसी होता. माणसांसाठी नव्हे, मशीनसाठी. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. खेड्यातली माणसं देवळात आल्यासारखी दारातूनच हात जोडायची, आणि एप्रिल-मेमध्ये साहेबलोक काहीही कारण काढून आत येऊन बसायचे. अंगणात भली मोठी डिश होती. तिच्यात दिल्लीतलं सगळं दिसतं, अशी बाहेर बोलवा होती.

देशाचा बाजार नुकता मोकळा झाला होता, म्हणजे पेपरात तसं छापून यायचं. आमच्याकडे त्याचा एक अर्थ असा झाला की गावोगावची गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर पोरं आखातात जायला लागली. मग वर कुठं तरी ठरलं, की तिकडच्या एका देशाचा सरकारी कॉम्प्युटर आणि आपला सरकारी कॉम्प्युटर यांनी एकमेकांशी बोलावं. गेलेला माणूस कोण, कुठला, तो आजारी पडला, अडकला, तर कळवायचं कुणाला, हे बसल्या जागी समजावं. विचार चांगलाच होता. निवडक जिल्ह्यांत चाचणी करायची ठरली आणि त्या डिशच्या कृपेनं आमचा नंबर लागला.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते आमच्या घरातही कुणाला शेवटपर्यंत समजलं नाही. तिकडून एक यादी यायची. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जिल्हा. इकडे तलाठ्यांनी गावोगाव फिरून परदेशी गेलेल्यांची माहिती शाळेच्या दाखल्यावरून आणलेली, ती मी मशीनमध्ये भरलेली. तिकडची ओळ आणि इकडची ओळ एकाच माणसाची आहे का, एवढं ठरवायचं. याला आम्ही जुळणी म्हणायचो. लग्नात पत्रिका जुळवतात तसंच, फक्त इथं गुण मोजायचे नव्हते. चारही रकाने सारखे आले की माणूस तोच.

याच कामाची मुंबईला एक बैठक झाली. एक परदेशी तज्ज्ञ होते आणि दिल्लीचे दोन साहेब. चारही गोष्टी सारख्या असलेली दोन माणसं निघणं जवळजवळ अशक्य आहे, हे तज्ज्ञांनी फळ्यावर गणित मांडून दाखवलं. मी हात वर केला. म्हटलं, "सर, आमच्याकडे सगळे एक जूनला जन्मतात." हशा झाला. तज्ज्ञांनी मोठ्या आदबीनं विचारलं, की त्याच्या नऊ महिने आधी तुमच्याकडे कसला सण असतो? मी म्हटलं, "पोळा." पुन्हा हशा झाला, मग चहा आला. माझं बोलणं काही इतिवृत्तात आलं नाही.

बायकांची तऱ्हा वेगळी होती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की आमच्याकडची बाई आडनावासकट बदलते. अंबाजोगाईकडच्या एका नर्सबाईंचं प्रमाणपत्र सुनंदाच्या नावाचं आणि पासपोर्ट वैशालीच्या नावाचा. तिकडच्या मशीननं कळवलं, की सुनंदा देशात आलेलीच नाही आणि वैशाली नर्स नाही. त्या बाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "मॅडम, माझ्या सासूचंबी हेच म्हननं हाय. दाखवली येक अन् आली दुसरीच." आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्यांचं काम पुढे झालं. अशा गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात.

आता दुसरी सांगते. एका सकाळी वर-खाली सह्या होत होत एक फॅक्स माझ्या टेबलावर आला. तिकडे कामगारांच्या छावणीला आग लागली होती. त्यात एक माणूस ओळख पटणार नाही इतका जळाला होता. कामगारांची कार्डं छावणीच्या फाटकावर जमा असायची, त्यांतलं न्यायला कुणी आलं नाही असं एकच कार्ड उरलं. कार्डावर फोटो नव्हता, नुसता नंबर होता. त्यावरून त्यांनी मशीनमध्ये पाहिलं, तर नाव निघालं शेख सलीम शेख चाँद, जन्म एक जून, जिल्हा बीड. याचं घर शोधा, वारसाला कळवा, आणि दफन तिकडेच करायला वारसाची संमती घेऊन पाठवा, असा निरोप होता. संमती येईपर्यंत देह शवागारात राहणार होता.

आमच्याकडच्या मुसलमान घरांत आधी शेख, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा शेख आणि बापाचं नाव, अशी रीत आहे. सलीम काय आणि चाँद काय, दोन्ही नावं गल्लोगल्ली. मी नाव टाइप केलं आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. एक तेलगावचा, एक लिंबागणेशचा. बापाचं नाव तेच, तारीख तीच, सालही तेच. दोघेही त्याच देशात.

मी साहेबांकडे गेले. त्यांच्याकडे त्या दिवशी मंत्र्यांचा दौरा होता. ते म्हणाले, "वर जे नाव दिसतंय ते कळवून टाका." मी म्हटलं, "सर, मशीन गावं अक्षरांच्या क्रमानं लावतं. त आधी येतो म्हणून तेलगावचा मेला, असं कसं कळवू?" साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग विचारा तिकडे."

विचारलं. पासपोर्टचा नंबर मागितला. उत्तर आलं, की जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर माहिती नेताना जुन्या लोकांच्या पासपोर्ट नंबराचा रकाना रिकामा राहिला आहे, तरी तो आपणच आपल्या नोंदीवरून कळवावा. आम्ही कळवलं, की आमच्याकडे त्या नावाची दोन माणसं आहेत, तुमचा कोणता ते सांगा. उत्तर आलं, ज्याचा जन्म एक जूनचा आहे तो. मला त्या दिवशी डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं. दोन्ही मशीन आपापल्या जागी बरोबर होती, आणि माणूस मधल्या मधे पडला होता. त्याला कामावर ठेवणारा ठेकेदार वकिलातीचा फोन उचलत नव्हता. पोरांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात, घरी साधी झेरॉक्स नाही. फोन म्हणाल तर त्यांनाच जमेल तेव्हा ते गावातल्या एसटीडी बूथवर करायचे, आणि बऱ्याच दिवसांत दोघांपैकी एकाचाही आला नव्हता.

तलाठ्यांनी दोन्ही घरी फक्त एवढाच निरोप दिला, की सलीमचं काही काम आहे, बीडच्या कॉम्प्युटरवाल्या मॅडमला भेटा. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरच्या आया आल्या. लिंबागणेशच्या जैतुनबी, उंच, हाडकुळ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गोधड्या शिवून एकुलता पोरगा वाढवलेला. तेलगावच्या हाजराबी, बुटक्या, हळू बोलणाऱ्या, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. दोघी माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या. मी काचेआडून बघत होते आणि बाहेर जायला धीर गोळा करत होते. दार अर्धं उघडं होतं, बोलणं ऐकू येत होतं.

"कुटनं आलाव माय?" जैतुनबींनी विचारलं.

"तेलगावहून. तुमी?"

"लिंबागणेश. पोराचं काय तरी काम हाय म्हनं. दुबईला असतंय." आमच्याकडे आखातातला कुठलाही देश म्हणजे दुबईच.

"माझंबी तिकडंच हाय की. काय नाव तुमच्या पोराचं?"

"सलीम."

हाजराबी हसल्या. "माझंबी सलीमच."

"आन् बापाचं?"

"चाँद."

जैतुनबींनी कपाळाला हात लावला. "आगं माय. आमचंबी चाँदच. म्हंजी येकाच सलीमला दोन माया झाल्या की." दोघी इतक्या हसल्या, की स्टुलावरचा शिपाईही हसायला लागला. हाजराबींनी कनवटीची सुपारी काढून जैतुनबींना दिली. त्या हसत असतानाच मला बाहेर जावं लागलं.

मी सांगितलं. कुठल्या शब्दांत सांगितलं ते मला आता आठवत नाही. हाजराबींनी पदर तोंडात धरला. जैतुनबींनी विचारलं, "म्हंजी दोगांतला येक गेला?"

"हो, खाला."

"कोनता?"

"ते कळत नाही."

"कळत न्हाई? मग ते मशीन कावून ठिवलंय इतकं थंडगार?"

नोकरीत मला पुष्कळ लोक बोलले, वरचेही आणि खालचेही, पण त्या प्रश्नासारखं दुसरं काही मला लागलेलं नाही.

साहेबांनी मार्ग काढला, की दोघींनीही संमतीच्या कागदावर अंगठा द्यावा. ज्याचा देह असेल त्याची संमती लागू पडेल, दुसरी आपोआप रद्द. कागदाच्या दृष्टीनं यात एकही खोट नव्हती. मी त्या दोघींना समजावून सांगितलं. जैतुनबी म्हणाल्या, "जित्या पोराच्या मातीला कुनी आई हो म्हनती का?" हाजराबींनी हात पाठीमागे घेतले आणि मान हलवत राहिल्या. दोघींपैकी कुणीही अंगठा देईना. त्या देत नाहीत तोवर तिकडे तो शवागारात पडून राहणार होता, आणि हे त्या दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. एक तेलगावच्या गाडीनं, एक लिंबागणेशच्या जीपनं. साहेब म्हणाले, त्यांना सांगा, काही कळलं की निरोप देऊ. मी सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी बाकावर दोघी हजर. घरी बसवत नसेल. दोघींची डोकी बिनतेलाची, कोरडी. आणि दुसरं असं, की जगात त्या दोघींना काय होतंय हे समजणारं माणूस त्या दोघींपलीकडे कुणी नव्हतं. त्या एकमेकींना पोरांबद्दल सांगायच्या. कुणाला गोवर निघाला होता, कुणी विहिरीत उडी मारून बापाचा मार खाल्ला, कुणाला अंबाडीची भाजी आवडत नाही. थोड्या दिवसांनी अशी अवस्था झाली, की हाजराबींना जैतुनबींचा सलीम पाठ झाला आणि जैतुनबींना हाजराबींचा. मी आत बसून ऐकायचे आणि माझ्या याद्या जुळवायचे.

एकदा मी पाणी घेऊन बाहेर गेले. हाजराबी नळावर हात धुवायला गेल्या होत्या. जैतुनबी मला हळूच म्हणाल्या, "दुवा काय मागावी बेटी? माझा वाचू दे म्हनलं की हिचा मरू दे म्हनल्यावानी होतंय. म्हनून मी नुसतेच हात वर करती अन् गप बसती." मी आत येऊन दार लावून घेतलं आणि रडले. एसीच्या घरघरीत बाहेर ऐकू जात नाही, हा त्या खोलीचा एक फायदा होता.

तिकडून स्मरणपत्रं येत होती. जुळणी पूर्ण असताना विलंब का, असा त्यांचा सवाल. जुळणी पूर्ण का, ते आम्हाला मागाहून समजलं. त्यांच्या मशीनला एकाच माणसाची नोंद चुकून दोनदा झाल्यासारखी वाटली होती, म्हणून त्यांनी त्यांतली एक ओळ कधीच काढून टाकली होती. त्यांच्या लेखी बीडचा सलीम एकच होता. आमच्या याद्यांतल्या अशा जास्तीच्या ओळी मीही रोज काढत होते. ते आमचं नेहमीचं काम होतं, त्याला सफाई म्हणायचे.

मग एक सकाळ अशी आली, की मी कुलूप काढत होते आणि हाजराबी एकट्याच जिन्याजवळ उभ्या होत्या. पहिल्या गाडीनं आल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. चपला काढल्या नाहीत.

"बेटी, काल फोन आलता. बूथवर. सलीमचा. सवता बोलला."

तो दोन महिन्यांपूर्वी छावणी सोडून दुसऱ्या शहरात ट्रक चालवायला गेला होता. आगीचं त्याला कुणाकडून तरी उशिरा कळलं, आई काळजी करत असेल म्हणून त्यानं फोन केला होता. हे सांगताना हाजराबी हसत नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. पोर जिवंत असल्याचं सांगणाऱ्या आईचा चेहरा तसा असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तिला सांगू नका आत्ताच," त्या म्हणाल्या.

"खाला, सांगावं तर लागेल."

"सांगायचंच हाय. मला काय कळत न्हाई? पन मी तोंड उघडलं की तिचं पोरगं मेलं. आजचा दिस मला बसू द्या तिच्यापाशी. मग मीच सांगती."

त्या बाहेर जाऊन बाकावर नेहमीच्या जागी बसल्या. थोड्या वेळानं जैतुनबी आल्या. रोजच्यासारखा सलाम झाला. जैतुनबींनी पिशवी खाली ठेवली, बसल्या, आणि हाजराबींकडे बघत राहिल्या. मी काचेआडून पाहत होते. हाजराबी जमिनीकडे बघत होत्या. मग जैतुनबी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हाजरा, आज तू डोस्क्याला तेल लावून आलीस."

हाजराबींचा हात आपोआप पदराकडे गेला. त्यांनी तो कपाळावर ओढून घेतला आणि मग त्यांना हुंदका आवरेना. जैतुनबी रडल्या नाहीत. त्यांनी हाजराबींच्या पाठीवर हात ठेवला आणि दोन-तीनदा थोपटलं, जणू गेलेला हाजराबींचाच होता. नंतर उठून आत माझ्या टेबलाशी आल्या.

"कुटं अंगठा द्यायचा ते दाखीव."

मी म्हटलं, "खाला, बसा आधी. पाणी घ्या."

"लई दिस पडलंय लेकरू तिकडं," त्या म्हणाल्या. "दाखीव."

मी शाईचा डबा उघडून कागद पुढे केला. त्यांनी अंगठा टेकवला. इतक्या वर्षांत मी कितीतरी कागदांवर अंगठे घेतले. त्या एका अंगठ्यानंतर मला त्या कामाची शिसारी बसली, ती निवृत्तीपर्यंत गेली नाही.

दफन झालं. दाखला आला, शेख सलीम शेख चाँद, एक जून, जिल्हा बीड. आता हा दाखला दोघांनाही लागू होता. हाजराबींचा सलीम तिकडे परवाना वाढवायला गेला, तर खिडकीवरच्या माणसानं पडद्याकडे पाहून सांगितलं, की तुम्ही मयत आहात. मेलेल्याच्या कागदावर फिरतो म्हणून त्याला आत टाकलं. त्याला सोडवून घरी आणायला वकिलातीचा, आमचा आणि हाजराबींचा किती काळ गेला ते सांगत बसत नाही. तो आता तेलगावात टेम्पो चालवतो. आमच्या नोंदीत तो जिवंत आहे, त्यांच्या नोंदीत मेलेला आहे, आणि या दोन नोंदी एकमेकींशी जुळलेल्या आहेत.

मी वर एक सूचना पाठवली होती, की चार रकान्यांत पाचवा घाला, आईच्या नावाचा. तेवढा असता तर पहिल्याच दिवशी निकाल लागला असता. उत्तर आलं, की दुसऱ्या देशाच्या मशीनमध्ये आईच्या नावाला रकाना नाही आणि चाचणीच्या या टप्प्यावर वाढवता येणार नाही. वर्षाअखेरीस अहवाल निघाला. आमच्या जिल्ह्याची जुळणी पूर्ण म्हणून चाचणी यशस्वी ठरली आणि साहेबांबरोबर मलाही कौतुकाचं पत्र आलं. आता म्हणे सगळं जोडलं गेलं आहे, बोटांचे ठसे घेतात, डोळ्यांची बुबुळं घेतात. माझा भाचा याच कामात आहे, मोठ्या उत्साहानं सांगत असतो. मी ऐकून घेते. माझा विश्वास उडालेला आहे, आणि तरुण माणसाला ते कशाला सांगायचं?

दाखला न्यायला जैतुनबी आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर हाजराबी होत्या. जैतुनबींनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "कबर कुटं हाय त्याची? कुनी गेलं गावातलं तिकडं, तर फातिहा पढंल."

मी तिकडे विचारलं. तिकडच्या कबरींवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, तो तरी कळवा म्हटलं. उत्तर यायला बरेच दिवस गेले. कब्रस्तानाचं खातं आपल्या जोडणीत येत नाही, असं ते उत्तर होतं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच आलं. जैतुनबी पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी त्यांना जे होतं ते सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. मशीनचंही काही बोलल्या नाहीत.

"नंबर न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या. "कुन्या बाजूला हाय ते तरी दाखीव."

मी त्यांना बाहेर अंगणात घेऊन गेले आणि पश्चिमेला, नगर नाक्याच्या बाजूला हात केला. त्या तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ऊन होतं. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला.

"लई लांब हाय का गं?"

"लांब आहे, खाला. मधे समुद्र आहे."

त्यांनी पिशवी काखेला मारली.

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि स्टँडकडे निघाल्या.